डोंगराची गावपळण

डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. गावाचे नाव सांगण्याची गरज नाही. कोकणात अशी गावे पुष्कळ आहेत, आणि जिथे झऱ्याचे पाणी फाल्गुनातच आटते, ते प्रत्येक गाव या कथेचे आहे असे समजायला हरकत नाही. वैद्यबुवांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. औषधासाठी मूळ खणायचे झाले तर ते निम्मेच घेत, उरलेले जागच्या जागी ठेवून वर माती लोटत आणि हाताने दाबत. बाळाला थोपटून निजवावे तसे ते दाबणे असे. त्यांच्याकडे येणाऱ्यांना ही म्हाताऱ्याची लकब वाटे.

त्यांचा शिष्य जनार्दन तिशीतला होता. सहा वर्षे तो बुवांच्या हाताखाली झाडपाला शिकत होता. पाला ओळखताना तो अजून अडखळे, पण बोलायला उभा राहिला की त्याला थांबवणे कठीण. आणि बोलण्यासाठी त्याला एक सच्चा विषय मिळाला होता: गावामागचा उघडा डोंगर. त्याच्या जन्माआधी एका कोळसेवाल्याने त्या डोंगरावरचे रान मुळापर्यंत तोडून नेले होते. त्यानंतर दरवर्षी शिमग्याच्या सुमारास वाळलेल्या गवताला कोणी ना कोणी काडी लावी. पुढे कोवळे गवत फुटते, गुरांना बरे, अशी समजूत. डोंगर काळा पडायचा, पावसात हिरवा व्हायचा आणि पुन्हा काळा. पायथ्याचा झरा मात्र वर्षागणिक बारीक होत चालला होता. गावातल्या बायका दोन डोंगर पलीकडून पाणी आणत. त्यांत जनार्दनाची आईही होती, आणि तिचे गुडघे आता जिना चढतानाही कुरकुरत.

म्हणून जनार्दनाने चार वर्षे जनजागृती केली. शाळेच्या भिंतीवर त्याच्या घोषणा होत्या, देवळाच्या सभामंडपात त्याची व्याख्याने होत, मुलांच्या हातात फलक देऊन त्याने प्रभातफेऱ्या काढल्या. दर ज्येष्ठात वृक्षारोपणाचा सोहळा होई. नारळ फुटे, फोटो निघत, रोपे लागत. पुढच्या शिमग्यात रोपांच्या जागी राखेचे ठिपके उरत, आणि त्यातूनही काही उरलेच तर ते सुभद्राकाकीच्या शेळ्या बघून घेत. लोक व्याख्यानाला येत, मनापासून टाळ्या वाजवत आणि घरी जाताना चुलीसाठी डोंगरावरूनच चार फाटी घेऊन जात. यात कोणाला विसंगती वाटत नसे. जनार्दन हे सगळे पाहून आणखी मोठ्याने बोले.

चौथ्या वर्षीच्या चैत्रात गावात एक व्यापारी आला. त्याला त्या डोंगरावर चिरेखाण काढायची होती. तांबड्या जांभ्या दगडाचे चिरे कापायचे, गाड्या भरायच्या, गावाला मोबदला द्यायचा. माणूस गोड बोलणारा होता. गावाची बैठक बसली. गावकार, म्हणजे त्या गावचा पहिला मानकरी, तसा न्यायी मनुष्य. पण चार वर्षांच्या राखेने तोही कंटाळला होता. जनार्दन बोलायला उभा राहताच त्याने हात वर केला.

"जनू, चार वर्सां आयकतव आमी. टाळये वाजवन वाजवन हात दुखले. झाड खंय आसा, ता सांग."

जनार्दनाने मुदत मागितली. बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरले की पुढच्या गावपळणीपर्यंत वाट पाहायची. तोवर डोंगरावर रान दिसले तर ठीक, नाहीतर डोंगर खाणीला. व्यापाऱ्यानेही घाई केली नाही. दगड कुठे पळून जाणार आहे, असे म्हणून तो हसत निघून गेला.

गावपळण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. त्या गावात दर तीन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, ग्रामदेवतेचा कौल घेऊन सगळे गाव वेशीबाहेर पडते. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्रीमांजरी, सगळ्यांनी तीन दिवस, तीन रात्री माळावर झोपड्या बांधून राहायचे. घरांना कड्या लागतात, एकही चूल पेटत नाही. चौथ्या दिवशी फक्त गावकार आणि गुरव देवळात जातात आणि मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची आधी पडली तर देवीचा होकार, मग परतायचे. डावी पडली तर आणखी एक दिवस बाहेर. देवीला विचारल्यावाचून परत पाऊल आत टाकणारा माणूस त्या गावात अजून जन्माला यायचा आहे. नुकत्याच सरलेल्या पौषात एक गावपळण होऊन गेली होती. म्हणजे जनार्दनाच्या हातात तीन वर्षेही पुरती नव्हती.

तो इरेला पेटला. या खेपेला काही कमी पडू द्यायचे नाही म्हणून त्याने पायथ्यापासून वरपर्यंतचा उतार साफ करायला घेतला. जागोजाग गुडघ्याएवढी खुरटी झुडपे होती. ती कोयत्याने छाटली. मग दोरी लावून तीनशे खड्डे खणले. जमीन चिवट होती. पहार सारखी मुळांवर आपटून बोथट व्हायची, आणि त्या मुळांना शिव्या देत, कुऱ्हाडीने तोडत तो खाली खाली जाई. वैशाख संपत आला तेव्हा त्याचे दोन्ही तळहात फोडांनी भरले होते.

आणि एका सकाळी तो खड्डे मोजायला वर चढला तेव्हा सगळ्यात खालची रांगच नाहीशी झाली होती.

चाळीस खड्डे कोणीतरी मातीने भरून, वरून हाताने दाबून टाकले होते. ते दाबणे पाहताच त्याने ओळखायला हवे होते. एक्केचाळिसाव्या खड्ड्याशी वैद्यबुवा बसले होते. खोरे बाजूला, कपाळावर घाम, दोन्ही हातांनी माती आत लोटत होते. आठ दिवस पहाटे उठून, सकाळी पाच खड्डे याप्रमाणे त्यांचे हे काम चालू होते. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला त्याहून जास्त झेपत नव्हते.

जनार्दनाच्या अंगाचा तिळपापड झाला. गुरू नसते तर त्याने खोरे हिसकावून घेतले असते.

"बुवा, ह्या काय करतास?"

"खड्डे बुजवतंय."

"कित्याक पण?"

उताराच्या कडेला कोयत्यातून सुटलेला एक कोंब उरला होता. बोटाएवढा जाड, वितीएवढा उंच, वर चार तांबूस पाने. बुवांनी त्याच्याकडे हात केला आणि याचे वय किती, असे विचारले. जनार्दन चिडून म्हणाला की यंदाचा आहे, फार तर गेल्या वर्षीचा. बुवांनी त्याला शेजारची माती उकरायला सांगितले, पण पहारीने नको, हाताने.

तो उकरू लागला. वितभर खाली कोंब मनगटाएवढा झाला. हातभर खाली तो मनगटाएवढा राहिला नाही. तिथे मांडीएवढी जाड, गाठाळलेली, अंगावर जळाल्याचे काळे डाग वागवणारी एक मुळी होती, आणि ती आणखी खाली, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारी होत गेली होती. जनार्दन उकरायचा थांबला.

"ह्या ऐनाचा झाड," बुवा म्हणाले. "तुझ्या बापाशीपेक्षा मोठा. कोळशेवाल्यान वरचा नेल्यान, खालचा रवला. दर पावसात ता डोक्या वर काढता, दर शिमग्याक जळता. तरी परत काढता. चाळीस वर्सां झाली, अजून दमूक नाय. तू तेका झुडूप म्हणतंस. कोयत्यान छाटतंस. आनी तेचाच मूळ तोडून, तेच्याच जाग्यार भायरसून हाडलेला रोप लावतंस."

जनार्दनाने मान वर करून उताराकडे पाहिले. दोनशेसाठ उघडे खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याच्या भिंतीतून बाहेर आलेली, त्याच्याच कुऱ्हाडीने तुटलेली मुळे. तो उघडा डोंगर उघडा नव्हताच. अख्खे रान खाली होते, आणि चार वर्षे तो त्याच्या डोक्यावर घाव घालत होता. वणवा लावणारे निदान वरवरच जाळत होते. हा मुळापर्यंत पोचला होता. त्याला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही.

थोड्या वेळाने त्याने विचारले, हे आधी का नाही सांगितलेत. बुवांनी सांगितले की गुडघ्यांमुळे वर येणे कैक वर्षांत झाले नव्हते, यंदा मुळे तुटतात असे ऐकून ते कसेबसे या खालच्या रांगेपर्यंत आले होते; पण तेवढेच कारण नव्हते. "तुझा मन मोडूक नको म्हणान मी गप रवलंय. ती माझी चूक. तुझ्यासारखीच, मोठी."

"आता काय करू?"

"कायच करू नको. खड्डे बुजव आनी डोंगराक एकटो सोड. आग नको, कुऱ्हाड नको, शेरडा नको. ह्याच खरा कठीण काम."

कठीण होतेच. जनार्दनाला आपला गाव चांगला ठाऊक होता. काही लावा म्हटले तर पन्नास माणसे नारळ घेऊन येतील. काही करू नका म्हटले तर पाच माणसे तरी ऐकतील का? त्याने तसे बोलूनही दाखवले. बुवांनी खालच्या कौलारू घरांकडे बोट केले. मग त्यांनी विचारले, मागच्या पौषात गावपळणीहून परतलास तेव्हा अंगणात काय दिसले होते?

जनार्दन आठवू लागला. अंगणात सशाच्या लेंड्या होत्या. लांडोरीची पावले थेट तुळशीपर्यंत उमटलेली होती. माजघराच्या उंबऱ्याशी, जिथे बाराही महिने पाय पडतात, तिथे गवताची तीन पाती वर आली होती. आईने ती पाहून हात जोडले होते.

"तीन दिसांत इतक्या झाला," बुवा म्हणाले. "आनी त्या तीन दिसांसाठी गावाक कोणी भाषण करूक लागला? अख्खो गाव कोंबड्ये घेवन आपणहून भायर पडता. लोकांका सोडूक येता रे जनू. तुझ्यापेक्षा, माझ्यापेक्षा बरा येता. तू तेंका जा येता ता इचारलंस नाय, येयत नाय ताच शिकवत बसलंस."

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे, कारण जनार्दनही थांबला होता. चार वर्षे तो गावाला अडाणी समजून जागे करत होता. त्या गावाने न बोलता पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट पाळली होती, आणि तो स्वतः तिच्यात लहानपणापासून चालत आला होता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बैठक झाली. या खेपेला जनार्दनाच्या हातात फलक नव्हते. त्याने खांद्यावरून एक तुटलेले, मांडीएवढे मूळ आणून सभामंडपाच्या मधोमध ठेवले आणि सांगितले की हे मी तोडले. अशी शेकडो तोडली. आपण लावत होतो ते रान नव्हते. रान खाली आहे, आणि ते मारण्यात माझा हात पहिला आहे. एवढे बोलून त्याने मागणे मांडले: आपण गाव सोडतो तसा डोंगर सोडायचा. येत्या गावपळणीपर्यंत कोणी वर जायचे नाही. डोंगराची गावपळण.

मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. जनार्दनाच्या एकाही व्याख्यानाला अशी शांतता लाभली नव्हती. गावकार उठून मुळाशी आला, वाकून त्याने ते हुंगले, नखाने साल खरवडली आणि हे डोंगरावर कुठले, असे विचारले. मोठ्या कातळाच्या उजव्या अंगचे, असे कळताच तो तिथेच खाली बसला.

"थंय जांभळ होती. माझी आवस लाकडांका जाय तेवा माका त्या जांभळीक झोळी बांदून निजवी."

पुढे बोलली ती सुभद्राकाकी. तिच्या बारा शेळ्या होत्या आणि दुसरा आधार नव्हता. तिने पदर खोचून स्पष्ट विचारले की गावाने डोंगर सोडायचा ठीक, माझ्या शेळ्यांनी काय खायचे? प्रश्न रास्त होता, आणि नुसत्या भावनेने तो सुटणारा नव्हता. त्यावर दोन दिवस खल झाला. शेवटी ठरले की गाव आणि झरा यांच्यावरचा उतार तेवढा सोडायचा. पलीकडचा सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ, चराईला मोकळा. सोडलेल्या उतारावर वर्षातून एकदाच, कार्तिकात, गाव मिळून जाईल आणि गवत विळ्याने कापून घरटी वाटून घेईल. सुभद्राकाकीला दुप्पट. गवत उभे राहिलेच नाही तर शिमग्यात जळेल काय? विळा चालवताना कोंब सांभाळायचे, आणि ते ओळखायला वैद्यबुवांनी शिकवायचे. म्हाताऱ्याला खाली खुर्ची टाकून बसवले, आणि जनार्दन सोडून साऱ्या गावाला ऐन, किंजळ, जांभूळ पानावरून ओळखता येऊ लागले. जनार्दन त्यातही अडखळलाच, तो सर्वांत शेवटी शिकला.

गावकाराने देवीला कौल लावला. उजवी पाकळी पडली. देवीला विचारायचीच खोटी होती, असे गुरव नंतर सांगत असे.

पहिल्या वर्षी काहीच दिसले नाही आणि लोकांनी जनार्दनाची भरपूर टिंगल केली. दुसऱ्या शिमग्यात शेजारच्या गावच्या हद्दीतून वणवा आला. त्या दुपारी सगळ्यांच्या आधी, हातात हिरवा टाळ, म्हणजे पानांची डहाळी, घेऊन डोंगराकडे धावली ती सुभद्राकाकी. मागून गाव गेले. आग कापलेल्या गवताच्या कडेशी येऊन अडखळली आणि टाळांनी झोडपून झोडपून विझली. काकीचे हात भाजले होते. बुवांनी त्यांना लेप लावला, आणि लेपासाठी लागणारी साल डोंगरावर होती तरी ती परसातल्याच झाडाची घेतली. नियम वैद्यालाही होता.

तिसऱ्या पौषात गाव पुन्हा वेशीबाहेर पडले. माळावर झोपड्या उभ्या राहिल्या, कोंबड्या पाटीखाली गेल्या, मुलांनी धुडगूस घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी धुके विरले तेव्हा समोर डोंगर होता. तीनशे खड्ड्यांचा तो उतार आता ओळखू येत नव्हता. माणसाच्या दुप्पट उंचीचे ऐन, त्यांच्यात किंजळ, खाली करवंदीच्या जाळ्या. लोक चहाचे पेले हातात घेऊन बघत बसले. जनार्दनाच्या आईने कोणाला उद्देशून नाही, पण मोठ्याने सांगितले की गेल्या फाल्गुनात झरा आटला नव्हता. हे सर्वांना ठाऊकच होते; तरी तिला ते सांगावेसे वाटले.

त्याच दिवशी ठरल्याप्रमाणे व्यापारी आला. गाव रिकामे पाहून माळावर आला, त्याने डोंगर न्याहाळला, आणि तरीही दगड खाली असेलच ना, असे म्हणाला. गावकार चहा ओतत होता.

"गावात जावक आज आमकाच परवानगी नाय," तो म्हणाला. "डोंगरात जावक तुमका खंयसून दिवची?" आणि त्याने चहाचा पेला व्यापाऱ्यापुढे केला. व्यापारी चहा पिऊन गेला, तो पुन्हा आला नाही.

चौथ्या दिवशी गावकार आणि गुरव देवळात गेले. उजवा कौल पडला आणि माळावर परतण्याची गडबड सुरू झाली. जनार्दन गावकाराजवळ गेला. त्याच्या मनात एक गोष्ट घोळत होती. ठरल्याप्रमाणे डोंगराचीही मुदत आज संपत होती. लोकांना आता फाटी, फळे, औषधे हवी होती. गावाच्या परतीचा कौल झाला, आता डोंगरात परतण्याचा केव्हा घ्यायचा, असे त्याने विचारले.

गावकाराने आधी डोंगराकडे पाहिले. मोठ्या कातळाच्या उजव्या अंगाला, जिथे जांभळीचे मूळ तुटले होते, तिथे उरलेल्या मुळीतून एक नवी जांभळ उभी राहिली होती. अजून तिला झोळी बांधण्याइतकी फांदी नव्हती.

"इचारला तर देवी होय म्हणतली," तो हळूच म्हणाला. "म्हणान आमी इचारूचाच नाय."

मग तो आपली कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेऊन गावाच्या वाटेला लागला.

जनार्दन वळला. खुर्चीत शाल पांघरून बसलेल्या वैद्यबुवांनी सारे ऐकले होते. या वेळी जनार्दनाला काही समजावून सांगावे लागले नाही. तो त्यांच्या पायांशी बसला. माळावर तीन दिवस त्यांची खुर्ची टेकली होती तिथली माती उकरली गेली होती. त्याने ती दोन्ही हातांनी सारखी केली आणि हलकेच दाबली.

त्या गावात डोंगराचा कौल अजून घेतलेला नाही. आपल्याही गावामागे एखादा उघडा उतार असेल, तर तिथे खड्डा खणण्याआधी एकदा हाताने माती उकरून पाहावी.